वॉली हेन्शॉची कारकीर्द

दाराबाहेरच्या बुटांच्या कपाटावर चेंडू होता. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, कातड्याचा, एके काळी लाल असावा आणि आता सुक्या खारकेच्या रंगाचा झालेला. शैलेंद्र लिफ्टमधून बाहेर पडून चावी काढत होता. चेंडू दिसला आणि चावी हातातच राहिली. हा चेंडू या घरात यायचं काही कारण नव्हतं. त्याच्या मुलीचा, गार्गीचा, स्वतःचा चेंडू पिवळा, रबरी, दुकानातून आणलेला; तो बाल्कनीत कुंडीमागे पडलेला असे. हा म्हाताऱ्याचा होता. गार्गीच्या कोचचा, डग हेन्शॉचा. म्हातारा तो कुणाला सहसा देत नसे. मैदानावर आला की काखेत, आणि विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजून सगळ्या मुली शेडखाली पळाल्या की मांडीवर. आणि आता तोच चेंडू शैलेंद्रच्या चपलांच्या वर, जणू काही इथलाच असल्यासारखा बसला होता. म्हणजे म्हातारा घरी येऊन गेला? की गार्गी त्याच्याकडे गेली होती? आणि चेंडू दिला तो दिला, पण देताना काय बोलून दिला? शैलेंद्रच्या मनात पाल चुकचुकली. तशी ती गेले काही आठवडे थांबलीच नव्हती. त्याने बूट काढले, चेंडूला धक्का लागणार नाही अशा बेताने ठेवले, आणि घरात शिरला.

उल्का ओट्याशी कोथिंबीर चिरत होती. "आलास? हातपाय धू, पिठलं होतंच आलंय," ती मागे न बघता म्हणाली. गार्गीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत दिवा होता, आवाज नव्हता. शैलेंद्रने फ्रीज उघडला, पाणी प्यायला, उल्काच्या पाठीकडे पाहत उभा राहिला. तिची पाठ नेहमीसारखी होती की जरा ताठ होती? चेंडूबद्दल त्याने काही विचारलं नाही. विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि धंद्यात तर ते चालतच नसे.

त्याचा धंदा म्हणजे माणसांच्या गोष्टी खऱ्या की खोट्या ते ठरवण्याचा. सिंगापुरात मरीनाच्या बाजूच्या एका उंच इमारतीत, एका खासगी बँकेत तो बसत असे आणि बड्या गिऱ्हाइकांची आयुष्यं वाचत असे. कुणाच्या आजोबांची रबराची बाग होती, कुणाच्या सासऱ्यांनी बंदराजवळची जमीन विकली, कुणी म्हणे नुसत्या बिस्किटांवर वर आला. प्रत्येकाची गोष्ट छान रचलेली असायची आणि तिच्यात कुठे पाणी मुरतंय ते शैलेंद्रला बरोबर कळायचं. मग तो शोधत बसे: जुनी वर्तमानपत्रं, कोर्टाचे निकाल, गावांची नावं. या कामाचा एक नियम होता आणि तो पोरखेळ नव्हता, कायदाच होता: ज्याच्यावर संशय आहे त्याला सुगावा लागू द्यायचा नाही. त्याला विचारायचं नाही, टोकायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तो समोर बसून बागेच्या गोष्टी सांगत असला तर मान डोलवायची, फार जोरात नाही, फार हळू नाही, आणि खातरजमा पाठीमागे करायची. शैलेंद्र यात इतका तयार झाला होता की त्याचे साहेब नवीन पोरांना सांगत, बसा त्याच्या शेजारी आणि बघा तो कसं ऐकतो. इतकी वर्षं असं ऐकल्यावर ते ऑफिसातच ठेवून यायचं म्हटलं तरी जमत नाही. ते पासाबरोबर गळ्यात अडकून घरी येतं. उल्का मैत्रिणीकडे गेले होते म्हणाली की तो मान डोलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीच्या नवऱ्याला सहज फोन करायचा. उल्काला हे केव्हाच कळलं होतं. लग्नाच्या सुरुवातीला ती भांडायची, "अरे, मला विचार ना सरळ!" नंतर तिने भांडणं सोडून दिलं, आणि तो समजला की संसार सुरळीत चाललाय.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल घरात आला तो गार्गीच्या शाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर. गार्गी चौदा वर्षांची. बॅडमिंटन झालं होतं, पोहणं झालं होतं, कशातच जीव रमत नव्हता. आणि एके शनिवारी ती गुडघे खरवडून, केसात गवत घेऊन घरी आली आणि जेवताना बोलतच राहिली. लंबुळका चेंडू, पायानेही मारायचा आणि हातानेही, पण फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. "म्हणजे नेम चुकला तरी गुण?" शैलेंद्र म्हणाला होता. "थोडा चुकला तर," गार्गी हसून म्हणाली. शैलेंद्रला तेव्हाच हा खेळ संशयास्पद वाटला. पण त्याहून जास्त वाटला तो कोच. जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत आयुष्य काढलेला, बायको इथलीच, ती गेल्यावर सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा, सत्तरी ओलांडलेला माणूस दर शनिवारी ऊन डोक्यावर घेत फुकटात मुलींना चेंडू मारायला शिकवतो. कशासाठी?

आणि गोष्टी सांगतो. सिंगापुरात ढग जमले की मैदानावर विजेचा भोंगा वाजतो आणि सगळ्यांना शेडखाली बसावं लागतं. त्या बसण्यात म्हातारा आपल्या आजोबांची कारकीर्द सांगायचा, आणि गार्गी ती घरी आणायची. वॉली हेन्शॉ. मेलबर्नच्या एका चामड्याच्या कारखान्यात कामाला, संघात सगळ्यांत बुटका, इतरांच्या ढांगांखालून चेंडू काढून पळणारा. खेळ नवा होता तेव्हाची गोष्ट. पैसे नाहीत, बूट उसने. हाताचा कातड्याचा वास जात नाही म्हणून चेंडू त्याला आपला समजतो असं लोक म्हणायचे. बरीच वर्षं तो शहरातल्या संघातून खेळला, कप्तान झाला, मग सगळं सोडून पश्चिमेकडच्या सोन्याच्या खाणींच्या गावात कोच म्हणून गेला. तिथले खेळाडू खाणकामगार. सरावाला आले की वॉली त्यांना आधी मैदानावर उताणं झोपवायचा. नुसतं आभाळाकडे बघा म्हणायचा. दिवसभर ज्याने आभाळ पाहिलं नाही त्याला आभाळातून येणारा चेंडू कसा दिसणार? त्या संघाने पुढे तिथलं अजिंक्यपद मिळवलं. "बाबा, इमॅजिन!" गार्गी म्हणाली होती. पिठाचा हात तसाच ठेवून उल्का ऐकत होती. गार्गीच्या डोळ्यांत जे काही चमकत होतं ते शैलेंद्रने त्याच्या कुठल्याही बोलण्यानंतर तिथे पाहिलं नव्हतं. त्याने मान डोलवली.

हीच मान तो पहिल्यांदा डोलवायला शिकला ते साताऱ्यात, तेरा वर्षांचा असताना. त्याचे वडील, अण्णा, एस. टी.च्या डेपोत कारकून. साधा माणूस, नाकासमोर चालणारा, पण त्यांच्याजवळ एक गोष्ट होती. तरुणपणी ते राज्याच्या खोखो संघात निवडले गेले होते आणि स्पर्धेच्या तोंडावर गुडघा गेला. पाहुणे आले, दिवे गेले, गणपतीत मंडपात बसले, की ही गोष्ट निघायची: खांबाला कसा सूर मारायचा, पाठलागात श्वास कसा राखायचा. शैलेंद्रला ती इतकी आवडायची की तो अण्णांचा गुडघा चोरून बघायचा. मग सांगलीच्या एका लग्नात त्याने अण्णांच्या एका जुन्या मित्राला, कॉलर वर करून, ते सगळं सांगितलं. तो मित्र पान लावत होता. तो हसला. "तुझा बाप? अरे, तो मैदानावर फक्की मारायचा! पण रेघ काय सरळ यायची त्याची!" एवढंच. शैलेंद्र घरी आला आणि अण्णांना काहीही बोलला नाही. पुढच्या वेळी गोष्ट निघाली तेव्हा तो समोर बसला, अण्णांच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि मान डोलवली. ताकास तूर लागू दिली नाही. अण्णा पाठलागापर्यंत आले, त्याच्याकडे पाहिलं, आणि मध्येच थांबले. "जाऊ दे," म्हणाले आणि कंदिलाची काच पुसायला लागले. त्यानंतर ती गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. शैलेंद्रला तेव्हा वाटलं होतं, पकडलं. आता कधी कधी त्याला वाटे की पानाच्या तबकाशी बसलेला माणूस थट्टाही करत असेल. फक्की मारणाऱ्याचा गुडघा का जाईल? आणि अण्णा चालताना लंगडायचे हे तर गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पण अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आता कुणाला विचारणार?

तर वॉली हेन्शॉ. शैलेंद्रने शोधायचं ठरवलं असं नाही. जेवणाच्या सुट्टीत बोटं आपोआप वळली. ऑस्ट्रेलियातली जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या वाचायला मिळतात, आणि असली वर्तमानपत्रं वाचणं हे तर त्याचं रोजचंच. सामन्यांची वर्णनं, खेळाडूंची नावं, कोण पडला, कोण उठला, पावसात चेंडू कसा साबणासारखा निसटला. खाणींच्या गावात हेन्शॉ नावाचा कोच सापडला. खरा. खेळाडूंना झोपवतो म्हणून एका वार्ताहराने त्याची टिंगलही केली होती. पण त्याआधीच्या वर्षांत, शहरातल्या कुठल्याही संघात, हेन्शॉ नावाचा खेळाडू नव्हता. एकदाही नाही. शैलेंद्र पुन्हा पुन्हा बघत राहिला आणि त्याला ती ओळखीची थंड खुशी वाटली. अर्धं खरं आणि अर्धं रचलेलं. मुरलेले लोक असंच करतात. त्याच आठवड्यात जेवताना गार्गी म्हणाली, "बाबा, आज कोचने काय सांगितलं माहितीये? वॉली ॲक्चुअली..." आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. तो ऐकत होता. मान डोलवत होता, फार जोरात नाही, फार हळू नाही. तिचा घास हातात राहिला. "नेव्हर माइंड लाह," ती इथल्या पोरांसारखं म्हणाली आणि आमटी भुरकायला लागली. शैलेंद्रला तेव्हा अण्णांची आठवण यायला हवी होती. ती आली नाही. त्याला वाटलं, पोरगी काहीतरी लपवतेय.

मग तो शनिवारी ईस्ट कोस्टला जाऊ लागला. चालायला जातो असं सांगून. सरावाच्या मैदानाच्या पलीकडे, हॉकरच्या म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या टेबलांपैकी एका टेबलावर उसाचा रस घेऊन बसायचा. तिथून एकदा त्याला दिसलं की सगळ्या मुली गवतावर उताण्या पडल्या आहेत, गार्गीसुद्धा, आणि तो उंच वाळका म्हातारा काखेत चेंडू धरून त्यांच्यामधून हळूहळू फिरतो आहे. शैलेंद्रला त्याचं कारण माहीत होतं. खाणकामगारांची गोष्ट त्याने घरी ऐकली होती, वर्तमानपत्रात वाचलीही होती. तरी त्याने रसाचा पेला अर्धाच खाली ठेवला. खरं म्हणजे त्याला मत्सर वाटला होता. आपली मुलगी कुणा परक्याच्या सांगण्यावरून इतकी निवांत आभाळाकडे बघत पडते, आणि आपण खोलीत शिरलो की उठून बसते. पण मत्सर हा शब्द त्याच्या कामात कुठे बसत नव्हता, संशय बसत होता. सोमवारी त्याने क्लबच्या कमिटीला मेल केला. नाव गुप्त ठेवावं अशी विनंती. कोच आपल्या कुटुंबाचा जो इतिहास मुलींना सांगतात त्यातला मोठा भाग पडताळून पाहता येत नाही. सरावात ते मुलींना जमिनीवर झोपवतात. त्यांची पुरेशी चौकशी झाली आहे का? मेलमध्ये एकही खोटं वाक्य नव्हतं. त्याने तो दोनदा वाचला आणि त्याला आपल्या कामाचा अभिमानच वाटला. त्यानंतरच्या शनिवारी मैदानावर गळ्यात शिट्टी घातलेली एक तरुण बाई होती, आणि गार्गी घरी येऊन गुपचूप आंघोळीला गेली. मग रोजच दोन घास खाऊन उठायची. शैलेंद्रने विचारलं नाही. त्याला आता एवढंच हवं होतं की गार्गीला कळू नये. बाकी जग काही का म्हणेना.

आणि आज तो चेंडू बुटांच्या कपाटावर.

"गार्गी, ताटं घे!" उल्काने हाक मारली. गार्गी आली. डोळे लाल नव्हते. शैलेंद्रने ते आधी पाहिलं. तिने ताटं मांडली, त्याच्या ताटाशी लिंबाची फोड ठेवली, जशी रोज ठेवायची. पिठलं वाढलं गेलं, भात वाढला गेला. मग उल्का म्हणाली, "हेन्शॉ येऊन गेले दुपारी. चालले ते. पर्थला, बहिणीकडे राहायला. मी घरूनच काम करत होते म्हणून भेट झाली. चहा केला. गार्गी शाळेतून येईपर्यंत थांबले होते, चेंडू तिच्या हातात द्यायला."

"अच्छा," शैलेंद्र म्हणाला.

"क्लबने त्यांना थांबवलं होतं ना चौकशीसाठी," गार्गी म्हणाली. ती भात कालवत होती. "आम्हाला पण एकेकीला बोलावलं. एक आंटी होती. विचारत होती, कोच तुम्हाला झोपायला सांगतात तेव्हा कुठे उभे असतात. हात लावतात का. आय फेल्ट सो डर्टी, बाबा. त्याच्याआधी ते नुसतं आभाळ होतं."

उल्का त्याच्याकडे बघत नव्हती. ती मुद्दाम बघत नव्हती का?

"मग कमिटी सॉरी म्हणाली. या परत, म्हणाली. पण ते नाही म्हणाले. गुडघे दुखतात म्हणे." गार्गीने पिठलं घेतलं. "कुणीतरी मेल केला होता की वॉली हेन्शॉ नावाचा प्लेअर नव्हताच. कोच रागावले नाहीत. हसले. म्हणाले, ज्याने शोधलं त्याने काम चांगलं केलंय, इतकं कुणी बघत नाही. फक्त मला विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, बाबा. त्यांनी शेडमध्ये सांगितलं होतं."

"काय?" शैलेंद्र म्हणाला. इतक्या आठवड्यांतला हा त्याचा पहिला प्रश्न.

"वॉली आईच्या माहेरच्या नावाने खेळायचा. त्याचे बाबा चर्चमध्ये प्रीचर होते. त्यांना वाटायचं फुटबॉल म्हणजे दारू आणि जुगार. कळलं तर घराबाहेर काढतील, म्हणून याने नाव बदललं. घरी सांगायचा, शनिवारी ओव्हरटाइम असतो. बाबा काही बोलायचे नाहीत. मग बाबा वारले. फ्यूनरलला मैदानाचा गेटकीपर आला, टोपी काढून. म्हणाला, तुझे वडील दर शनिवारी यायचे. खांबांच्या मागे, कुंपणापाशी उभे राहायचे. मॅच संपायच्या आत निघून जायचे." गार्गी थांबली. "त्यांना माहीत होतं. पूर्ण वेळ. पण त्यांनी कधी विचारलंच नाही, आणि याला कधी सांगता आलं नाही. मग वॉलीला तिथे खेळवेना. तो आपलं खरं नाव घेऊन खाणींच्या गावात गेला."

शैलेंद्रला साताऱ्याच्या घरातली कंदिलाची काच दिसली, आणि ती पुसणारी बोटं. आत्ता बोलावं, त्याला वाटलं. आत्ता ताट बाजूला सारावं आणि म्हणावं, तो मेल माझा. शब्द अगदी ओठांशी आले होते. पण तिला ठाऊक आहे की नाही हेच त्याला कळत नव्हतं, आणि ठाऊक नसेल तर कशाला उगाच? आधी तिला किती माहीत आहे ते बघावं. सवयीने त्याचा चेहरा शांत झाला.

"कोचने तुला पाहिलं होतं," गार्गी म्हणाली. "उसाच्या रसाच्या टेबलावर. म्हणायचे, बोलाव ना तुझ्या बाबांना इकडे. मी सांगितलं, नको, बाबा लाजतात."

ती हे साध्या आवाजात म्हणाली. टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. आता ती विचारेल, त्याने मनाशी धरलं. आता विचारेल, बाबा, तो मेल तू केलास का? आणि विचारलं तर तो हो म्हणणार होता. या खेपेला नक्की म्हणणार होता. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. गार्गीने पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आज ऑफिसमध्ये काय झालं, बाबा?"

"काही नाही. नेहमीचंच," शैलेंद्र म्हणाला. "मीटिंग लांबली. मग ट्रेन..." बोलता बोलता त्याने मान वर केली. गार्गी ऐकत होती. हनुवटी किंचित खाली, नजर त्याच्या चेहऱ्यावर, आणि ती मान डोलवत होती, फार जोरात नाही, फार हळू नाही. ती त्याला काहीही विचारणार नव्हती, आजही नाही आणि पुढेही नाही. त्याने वाक्य पुढे रेटून पाहिलं, पण ते जाईना.

"जाऊ दे," तो म्हणाला.

गार्गीने भाताचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.